बहियाची पूड, मुंबईचं गजकर्ण

गजकर्णाने माणूस मरत नाही. मुंबईच्या इतिहासात त्याला जागा मिळाली नाही, ती बहुधा यामुळेच. 1896च्या प्लेगवर ग्रंथ लिहिले गेले, 1918च्या इन्फ्लुएन्झाची आठवण कोविडच्या दिवसांत पुन्हा निघाली. जांघेतल्या खाजेवर कोण लिहिणार? तिचा उल्लेखसुद्धा चारचौघांत होत नाही. तरीही याच शहरातल्या एका औषधविक्रेत्याने 1864 साली गजकर्णावरच्या एका पुडीची हकिगत लंडनच्या ‘फार्मास्युटिकल जर्नल’कडे लिहून पाठवली. पुढे त्या पुडीपासून त्वचारोगशास्त्राला एक औषध मिळालं आणि त्या औषधाचा कृत्रिम वारस आजही सोरायसिसच्या रुग्णांना दिला जातो.

त्या औषधविक्रेत्याचं नाव डी. एस. केम्प. हे आडनाव मुंबईकराला नवं नाही. पेडर रोड आणि ह्यूज रोड जिथे भेटतात त्या नाक्याला केम्प्स कॉर्नर म्हणतात, ते तिथल्या केम्प अँड कंपनी या औषधांच्या पेढीवरून. 1965 साली तिथे शहरातला पहिला उड्डाणपूल झाला आणि नाका पुलामुळे ओळखला जाऊ लागला. औषधाची पेढी विस्मरणात गेली.

1864चं साल म्हणजे मुंबईत पैशाचा पूर आलेला काळ. अमेरिकेत यादवी युद्ध सुरू होतं, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळत नव्हता आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. कोटातला माणूस शेअर घेत होता, नवे लोक रोज शहरात उतरत होते. त्यांत गोव्याहून येणारे ख्रिस्ती लोकही होते: स्वयंपाकी, बटलर, शिंपी, बँडवाले, आया. गिरगावजवळचं कावेल आणि पलीकडचा धोबीतलाव हे त्यांचे मुख्य अड्डे. गावागावांचे ‘कूड’, म्हणजे एका गावच्या लोकांची सामाईक बिऱ्हाडं, पुढे इथेच उभे राहिले. या लोकांच्या पेट्यांतून गजकर्णावरची एक पूड मुंबईत यायची. तिला ‘गोवा पावडर’ म्हणत, कुणी ‘ब्राझील पावडर’ म्हणत, कुणी पोर्तुगिजांसारखं ‘पॉ दि बहिया’. तिसऱ्या नावात तिच्या उगमाचा पत्ता सरळ दिलेला होता, पण वाचायला कुणी तयार नव्हतं.

पूड ताजी असली की फिकट पिवळी दिसे. हवा लागली की काळवंडत जाऊन चॉकलेटी, जांभळट तपकिरी होई. ती व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात कालवायची आणि चट्ट्यावर चोळायची. भोवतालची कातडी गडद रंगायची, सदऱ्याला पडलेला डाग धोब्याच्या हातून निघायचा नाही आणि तोच हात चुकून डोळ्याला लागला तर डोळा लालबुंद व्हायचा. तरीही लोक ती घेत, कारण तिचा गुण येई. आजोळच्या तेलापासून पाटलोण घालणाऱ्या साहेबाच्या मलमापर्यंत जे काही लावून होई, त्यानंतर शेवटी माणूस या पुडीकडे वळे.

साहेबाला तर तिची गरज जास्तच होती. गोऱ्या शिपायाने उष्ण देशातही जाड कापडाच्या घट्ट विजारी घातल्या आणि जांघेत खाज उठली की दोष धोब्याला दिला. इंग्रजीत या रोगाला ‘धोबी इच’ म्हणायची पद्धत पडली. सगळ्यांचे कपडे एका तळ्यावर धुतले जातात, म्हणून एकाचा रोग दुसऱ्याला लागतो, असा त्यामागचा तर्क. कपड्यांतून गजकर्णाची बुरशी पसरू शकते, इतपत त्यात तथ्य आहे. पण ओला राहिलेला कपडा, घाम आणि घट्ट विजार ही तिची खरी घरं, आणि ती साहेबाच्या अंगावरच होती.

मराठी माणसाकडे स्वतःचा इलाज होताच. पावसाच्या पहिल्या सरींनंतर दादरच्या भाजीबाजारात कोवळ्या टाकळ्याच्या जुड्या येतात. कोकणातल्या घरांत त्याची भाजी होते, कांदा आणि खोबरं घालून. टाकळ्याचं संस्कृत नाव चक्रमर्द, दुसरं नाव दद्रुघ्न, म्हणजे दद्रू (गजकर्ण) घालवणारा. त्याचं बी ताकात वाटून नायट्यावर लावायचा रिवाज जुना आहे. मौज अशी की टाकळ्याच्या बियांतली रसायनं आणि गोवा पावडरीतलं रसायन एकाच कुळातली निघाली. पण ते कळायला अजून अवकाश होता.

केम्पच्या टिपणानंतर दहा वर्षं पूड नेमकी कशापासून होते, यावर तर्कच चालले. विकणाऱ्याला ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक असलं तरी तो सांगत नव्हता. बाजारातल्या गुप्त औषधाचा नफा त्याच्या गुप्ततेतच असतो. 1874 साली, कलकत्त्यात नाव कमावलेले शस्त्रवैद्य जोसेफ फेअरर यांनी ‘मेडिकल टाइम्स अँड गॅझेट’मध्ये गोवा पावडरीवर लिहिलं. तो अंक बोटीने ब्राझीलच्या बहियात पोचला आणि तिथले डॉक्टर जुझे फ्रान्सिस्को दा सिल्व्हा लिमा यांच्या हाती पडला. वर्णन वाचताच त्यांच्या लक्षात आलं की ही तर आपल्याकडची अरारोबा! 1875 साली त्यांनी त्याच नियतकालिकाला तसं कळवलं आणि कोडं सुटलं.

बहियाच्या दमट जंगलात एक उंच झाड वाढतं. त्याच्या खोडाच्या गाभ्यात चिरा आणि पोकळ्या असतात आणि त्यांत ही पूड साठते. झाड तोडायचं, ओंडके करायचे, ते उभे फोडायचे आणि कुऱ्हाडीच्या पात्याने पूड खरवडून काढायची, अशी रीत. ती उडून डोळ्यांत आणि नाकात जाई, त्यामुळे मजुरांचे डोळे चुरचुरत, चेहरे सुजत. तिथून ती पोर्तुगालला जाई आणि पोर्तुगालहून त्यांच्या वसाहतींना. पूर्वी गोव्याहून लिस्बनला परतणारी जहाजंही बहियात थांबत असत. काजू आपल्याकडे आला तो याच पोर्तुगीज वाटेने. काजूची झाडं झाली, बोंडांची फेणी झाली, सगळं उघड्यावर झालं. पूड मात्र पूडच राहिली, तिचं झाड इकडे कुणी लावलं नाही, म्हणून तिचं मूळही झाकलेलं राहिलं.

पुढचा भाग रसायनशास्त्रज्ञांचा. लंडनच्या फार्मास्युटिकल सोसायटीचे प्राध्यापक जॉन ॲटफिल्ड यांनी 1875 साली पृथक्करण केलं आणि पुडीत ऐंशी टक्क्यांहून जास्त क्रायसोफॅनिक आम्ल असल्याचं सांगितलं. तीन वर्षांनी जर्मनीत कार्ल लीबरमान आणि सायडलर यांनी ते दुरुस्त केलं. हेच लीबरमान मंजिष्ठेतला लाल रंग प्रयोगशाळेत बनवणारे. त्यांच्या मते पुडीत मुळात वेगळाच पदार्थ होता. तो हवेतला ऑक्सिजन घेतो आणि मग त्याचं क्रायसोफॅनिक आम्ल होतं. त्याला त्यांनी ‘क्रायसारोबिन’ नाव दिलं. पूड डब्यात का काळवंडते, याचा उलगडाही असा झाला.

याच सुमारास लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ बॅल्मॅनो स्क्वायर यांच्याकडे सोरायसिसचा एक रुग्ण आला. त्याने आपला रोग गजकर्ण समजून स्वतःच गोवा पावडर लावली होती आणि चट्टे विरले होते. निदान चुकलं, औषध लागू पडलं. स्क्वायर यांनी मग त्याचं मलम करून सोरायसिसवर वापरलं आणि 1878 साली त्यावर पुस्तिका काढली. हॅम्बुर्गचे त्वचारोगतज्ज्ञ उन्ना यांनी क्रायसारोबिन युरोपभर रूढ केलं. पहिल्या महायुद्धात जर्मनीची नाकेबंदी झाली, बहियाचा माल बंद पडला, तेव्हा कारखान्यात त्याला पर्याय बनवला गेला. 1916चा तो पर्याय म्हणजे डिथ्रॅनॉल. सोरायसिसच्या उपचारांत त्याने पुढे कित्येक दशकं काढली. कपड्यांना डाग पाडायची खोड मात्र त्याने पूर्वजांकडून जशीच्या तशी घेतली.

मुंबईत केम्पच्याच काळात बुरशीची आणखी एक गोष्ट घडत होती. ती जास्त गंभीर, पण तिची वाट वेगळी. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर 1858 साली मुंबईला आले, त्याच साली लंडनमध्ये ‘ग्रेज ॲनाटॉमी’ प्रसिद्ध झालं. त्यातल्या आकृत्या याच कार्टरांच्या हातच्या. ग्रॅंट मेडिकल कॉलेजात शिकवत असताना भायखळ्याच्या जमशेटजी जीजीभॉय रुग्णालयात त्यांना पाय सुजलेले, नळ्या पडलेले शेतकरी दिसत. त्या जखमांतून काळे दाणे गळत. या रोगाचं मूळ बुरशीत आहे, असं कार्टर यांनी 1860च्या सुमारास मांडलं आणि त्याला ‘मायसेटोमा’ नाव दिलं. 1874 साली त्यावर त्यांचं पुस्तक आलं. दाण्यांतून त्यांनी जी गुलाबी बुरशी वाढवली, ती रोगाची नसून बाहेरून मिसळलेली होती, असं पुढे ठरलं. म्हणजे पुरावा कच्चा निघाला, पण निष्कर्ष खरा ठरला. या रोगाकडे वैद्यकाचं लक्ष गेलं, कारण त्याने पाय कापावा लागे. गजकर्णाने चिडचिड होई, फार तर रात्रीची झोप जाई. त्यामुळे ते औषधाच्या दुकानाच्या फळीवरच राहिलं.

आणि ते वाढलं गिरणगावात. परळ-लालबागच्या साचेखात्यांत धागा तुटू नये म्हणून हवा मुद्दाम दमट ठेवत, वाफ सोडत. आठ-दहा तास घामात उभं राहायचं, मग चाळीच्या खोलीत यायचं. त्या खोलीत गावाकडचे दहा-बारा जण पाळीपाळीने झोपत. एक उठला की दुसरा त्याच वळकटीवर आडवा होई. पंचा सामाईक, मोरी सामाईक, आणि आषाढ-श्रावणात दोरीवरचे कपडे चार-चार दिवस वाळायचे नाहीत. बुरशीला याहून चांगला मुलूख कोणता? 1899 साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये हाफकिन यांची प्लेग प्रयोगशाळा आली, 1926 साली शेजारी केईएम रुग्णालय उभं राहिलं. पण गिरणीकामगाराने गजकर्णासाठी खाडा करून रुग्णालयाची रांग धरायची, हे त्याला परवडणारं नव्हतं. त्याच्यासाठी नाक्यावरच्या औषधाच्या दुकानातली डबी आणि ‘सपट लोशन’ची बाटली होती.

पोटात घ्यायचं पहिलं खरं औषध 1958 नंतर आलं, ग्रिझिओफल्व्हिन. इकडे पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये त्याच सुमारास डॉ. थिरुमलाचार यांच्या चमूने ‘हॅमायसिन’ हे बुरशीनाशक शोधलं. त्याचा उपयोग जास्त करून दुसऱ्या बुरशींवर झाला. मग 1984 साली व्हिएन्नाच्या सॅन्डोझ प्रयोगशाळेतून टर्बिनाफिनची बातमी आली. दिवसाला 250 मिलिग्रॅमची एक गोळी, दोन ते चार आठवडे, आणि गजकर्ण गायब. पुढची कित्येक वर्षं त्वचारोगतज्ज्ञ निर्धास्त होते.

2014च्या आसपास ओपीडीतलं चित्र बदलू लागलं. पूर्वी जांघेपुरतं असलेलं गजकर्ण कमरेवर, पाठीवर, चेहऱ्यावर दिसू लागलं. एकाच घरातले चौघे रांगेत. गोळ्या संपल्या की पंधरा दिवसांत चट्टा हजर. आणि जवळजवळ प्रत्येकाच्या पिशवीत अर्धवट पिळलेली एक ट्यूब, चिठ्ठीशिवाय घेतलेली.

त्या ट्यूबमध्ये एक बुरशीनाशक, एक जिवाणूनाशक आणि एक जोरकस स्टिरॉइड, क्लोबेटासॉल किंवा बेटामेथासोन, असं त्रिकूट असतं. स्टिरॉइडने खाज दोन दिवसांत थांबते, लाली उतरते. माणूस खूश होतो, शेजाऱ्यालाही तीच ट्यूब सांगतो. पण लाली म्हणजे शरीराचा प्रतिकार. तोच झोपवला की बुरशी निर्धास्त पसरते आणि तिची वर्तुळाकार कडाही पुसट होते. अशा वेषांतर केलेल्या गजकर्णाला 1968 सालीच इंग्लंडच्या आइव्ह आणि मार्क्स यांनी ‘टिनिया इन्कॉग्निटो’ नाव दिलं होतं.

खरा बदल मात्र बुरशीच्या आत झाला होता. हे समजायला ती कातडीवर जगते कशी, ते पाहावं लागतं. ती जिवंत पेशींना सहसा शिवत नाही, वरच्या मृत थरातलं केराटिन खाते. केराटिनचे धागे गंधकाच्या पुलांनी घट्ट बांधलेले असतात. पार्लरमध्ये केस कुरळे करताना हेच पूल रसायनाने तोडतात. बुरशी तेच काम सल्फाइट ओतून करते. सल्फाइट बाहेर फेकणारा एक पंप तिच्याकडे असतो आणि त्याचं जनुक केराटिन समोर आलं की जोरात चालू होतं. पूल तुटले की प्रथिनं कापणारी एन्झाइमं सोडणारी जनुकं जागी होतात. कुठलं जनुक कधी चालू आणि कधी बंद, यालाच जीवशास्त्रज्ञ जनुकांची अभिव्यक्ती म्हणतात. 2010 साली स्वित्झर्लंडच्या मोनो आणि जर्मनीच्या श्टाइब यांच्या गटांनी दाखवलं की काचपात्रात केराटिन खाणारी बुरशी जी एन्झाइम-जनुकं चालवते, त्याहून वेगळीच ती जिवंत गिनीपिगच्या कातडीवर चालवते. प्रयोगशाळेत जे दिसतं, त्यावरून कातडीवरचा कारभार सांगता येत नाही.

औषध अंगावर आलं की ती आणखी काही जनुकं चालू करते. इथे ब्राझील पुन्हा येतं. साओ पावलो राज्यातल्या रिबेराव प्रेतोच्या विद्यापीठात निल्से मार्टिनेझ-रॉसी यांच्या गटाने ट्रायकोफायटन रुब्रम या बुरशीतली दोन जनुकं ओळखली. त्यांपासून बनणारे पंप औषध पेशीबाहेर फेकतात. त्यांपैकी एक जनुक निकामी केल्यावर बुरशी टर्बिनाफिनला जास्त बळी पडली, हे त्यांनी 2006 साली प्रसिद्ध केलं. ही रुब्रम म्हणजे आपल्याकडची जुनी मालकीण. 1910 साली कोलंबोत कास्टेलानी यांनी तिचं वर्णन केलं आणि पुढची शंभर वर्षं भारतात तिचाच अंमल होता.

आता तिची जागा दुसरीने घेतली आहे. 2018 साली चंडीगड आणि दिल्लीच्या प्रयोगशाळांनी नव्या बुरशीवर टर्बिनाफिन चालत नसल्याचं कारण दाखवलं. औषध ज्या एन्झाइमवर बसतं, त्या स्क्वालिन एपॉक्सिडेजच्या जनुकातच फरक पडला आहे. प्रथिनातल्या 397व्या जागी फेनिलॲलॅनिनऐवजी ल्यूसिन आलं आहे, आणि तेवढ्याने गोळीला बसायला जागा उरत नाही. हा बदल पंप चालू-बंद होण्यासारखा तात्पुरता नाही, पुढच्या पिढीला वारशाने मिळणारा आहे. पुढे जर्मन, स्विस आणि मुंबईसह भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी मिळून केलेल्या 2020च्या अभ्यासात हे देशभर पसरल्याचं दिसलं. इट्राकोनाझोलच्या जातीची औषधं ज्यावर चालतात, त्या एन्झाइमचं जनुक काही नमुन्यांत एकाऐवजी अनेक प्रतींत आढळलं, म्हणजे उत्पादनच वाढवून औषधाला पुरून उरायचं. 2020 साली जपानी संशोधकांनी भारतीय आणि नेपाळी रुग्णांच्या नमुन्यांवरून या बुरशीला स्वतंत्र नाव दिलं, ट्रायकोफायटन इंडोटिनी. 2023 साली ती न्यूयॉर्कमध्ये सापडल्याचं जाहीर झालं. तिथल्या दोघी रुग्णांपैकी एकीने अलीकडे परदेश प्रवासही केला नव्हता.

यात योगायोग किती आणि दोष किती, हे ठरवायला मी कोण? पण स्टिरॉइडची ट्यूब पानपट्टीसारखी मिळू दिली, हा दोष आपल्या व्यवस्थेचाच. बुरशीचा बदल नैसर्गिक असेल, त्याला मोकळं रान आपणच दिलं. केम्पच्या काळात पुडीत काय आहे ते कुणाला माहीत नव्हतं, म्हणून ती अंदाजाने लावत. आता ट्यूबवर सगळं छापलेलं असतं, वाचत कुणी नाही.

सरकारने मार्च 2018 मध्ये त्वचेवर लावायची चौदा स्टिरॉइडं ‘शेड्यूल एच’मध्ये टाकली. म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकणं बेकायदा आहे. कायदा आहे, तो काउंटरवर पाळला जातो का, हे आपल्या गल्लीतल्या दुकानात पाहावं.

एवढंच करा. अंगावर गोल, कडेने लाल, खाजणारा चट्टा दिसला तर ट्यूब आणायच्या आधी केईएम, नायर, सायन किंवा जे. जे.च्या त्वचारोग विभागात जा. तिथे बोथट पात्याने चट्ट्याची कड खरवडतात, त्या कोंड्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे फांद्या फुटलेले धागे शोधतात. फार वेळ लागत नाही. घरात आणखी कुणाला खाजत असेल तर त्यालाही सोबत न्या. टॉवेल वेगळे ठेवा, आतले कपडे पूर्ण वाळल्याशिवाय घालू नका. आणि घरात आधीच एखादी ट्यूब असेल, तर तिच्यावरचं बारीक अक्षर वाचा. क्लोबेटासॉल किंवा बेटामेथासोन दिसलं, तर ती ट्यूब डॉक्टरला दाखवायला बरोबर घ्या, चट्ट्याला लावू नका.